भागोजी नाईकांचा निरोप

(सिन्नर-अकोले परिसरातील १८५७ ते १८५९ च्या उठावाविषयी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नाशिक जिल्ह्याने स्वातंत्र्यलढ्यास काय दिले, असा प्रश्न कोणत्याही शाळेत विचारला तर त्याचे उत्तर ठरलेले असते. १९०० साली स्थापन झालेला मित्रमेळा, त्यातून १९०४ मध्ये उभी राहिलेली अभिनव भारत ही संघटना, २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघांना झालेली फाशी. त्यापुढे नाशिकरोडच्या कारागृहात कोंडलेले सत्याग्रही आणि तेथेच फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी लिहिलेली ‘श्यामची आई’. हे सारे खरे आहे, अभिमानास्पदही आहे आणि ते मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

परंतु या उत्तराचा आरंभ फार उशिरा होतो. जॅक्सन यांच्या वधापूर्वी बावन्न वर्षे, ४ ऑक्टोबर १८५७ रोजी, सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे या गावाबाहेर पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री भिल्लांशी झालेल्या चकमकीत ठार झाले. तेथून सुरू झालेली लढाई दोन वर्षे, एक महिना आणि सात दिवस चालली. येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिप्री येथे फाशी देण्यात आले आणि उत्तर हिंदुस्थानातील मोठा उठाव संपल्यासारखा झाला, तेव्हाही सिन्नर, अकोले व संगमनेरच्या डोंगरांत ही लढाई चालूच होती. तिचे पुढारी भागोजी नाईक हे कोणी संस्थानिक नव्हते, जहागीरदार नव्हते. ते सरकारच्याच पोलीस दलातील एक जुने अधिकारी होते. आज त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम प्रदेशाचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. त्या काळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६९ मध्ये झाला. सिन्नरचा मुलूख अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कारभारात मोडत असे, तर मालेगाव, बागलाण व नांदगाव हा भाग खानदेशात होता. त्यामुळे या उठावाची हकीकत नाशिकच्या, नगरच्या आणि खानदेशच्या अशा तिन्ही दप्तरांत विखुरली गेली. कोणत्याच जिल्ह्याने ती पूर्णपणे आपली म्हणून सांगितली नाही, याचे एक कारण हेही असावे. पुण्याहून नाशिककडे येणारा रस्ता संगमनेर सोडल्यावर डोंगरांच्या कुशीतून वर चढतो आणि नांदूर शिंगोट्यापाशी सिन्नरच्या पठारावर येतो. पश्चिमेस कळसूबाईची रांग, तिच्या पायथ्याशी अकोल्याची खोरी. या रस्त्याकडेच्या टेकाडावर पन्नास माणसे बसली, तर दोन मोठ्या शहरांमधील टपाल, खजिना आणि फौज यांची वाट त्यांच्या नजरेखाली येते.

किल्ल्यावरून उतरलेली माणसे

१८१८ साली पेशवाई संपली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या तोफांपुढे राजदेहेर व त्र्यंबक पडले आणि पाठोपाठ या भागातील अनेक किल्ले फारशी झुंज न देता त्यांच्या स्वाधीन झाले. मालेगावच्या भुईकोटात मात्र अरब शिबंदीने सुमारे महिनाभर टक्कर दिली. ही लढाईची बाजू इतिहासाच्या पुस्तकात असते. किल्ले पडल्यानंतर त्यांवरील माणसांचे काय झाले, ही बाजू सहसा नसते.

डोंगरी किल्ल्यांची राखण, घाटवाटांची चौकी, गावच्या हद्दीची रखवाली ही कामे पिढ्यान्‌पिढ्या महादेव कोळी, भिल्ल व रामोशी यांच्याकडे होती. त्यांच्या प्रमुखास नाईक म्हणत. या कामाबद्दल कोठे जमिनीचा तुकडा, कोठे धान्याचा वाटा, कोठे रोख नेमणूक असे. हे उत्पन्न मोठे नव्हते, पण त्याला मान होता आणि हातात हत्यार बाळगण्याचा हक्क त्यातच आला. कंपनी सरकारने किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, किल्ल्यांचे तट व वाटा सुरुंगांनी उडविल्या आणि बऱ्याच नेमणुका कमी केल्या. कागदावर ही काटकसर होती. डोंगरात मात्र हजारो माणसे एकाएकी निरुद्योगी झाली. त्यांच्यासमोर शेती आली, आणि शेतीबरोबर सावकार आला. पूर्वी सावकाराचे येणे वसूल व्हावयाचे तर गावच्या मध्यस्थीने, ओढाताण करीत. आता दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन बेलीफ दारात उभा राहू लागला.

या असंतोषाचा पहिला मोठा स्फोट १८२८ ते १८३० मध्ये कोळी नाईकांच्या उठावात झाला. त्यात रामजी भांगरे हे नाव पुढे येते. त्यांचे चिरंजीव राघोजी भांगरे यांनी १८४४ पासून नाशिक, नगर व पुणे या तिन्ही बाजूंच्या डोंगरांत सरकारला स्वस्थता लाभू दिली नाही. सावकारांची नाके कापण्याच्या त्यांच्या शिक्षेची धास्ती इतकी पसरली होती, की डोंगराळ गावांतून सावकार पळून गेले. जानेवारी १८४८ मध्ये राघोजी पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी अहमदनगर येथे त्यांना फाशी झाली.

सरकारने नुसती दहशतच बसविली, असे मात्र नाही. डोंगरातील माणसाला आपल्याच चाकरीत घेतले की डोंगर शांत होतो, हेही त्याला उमगले होते. १८२५ मध्ये औट्रम यांनी धरणगावास खानदेशची भिल्ल पलटण उभी केली ती याच विचाराने. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यावयाच्या, अशातला हा प्रकार आहे असे काही अधिकारी तेव्हा म्हणाले असतील. पण जो ज्या डोंगराचा जाणता, तोच त्याचा राखणदार, ही आपल्याकडील जुनी रीत होती आणि औट्रम यांनी ती फक्त नव्या गणवेशात आणली. नगर जिल्ह्याच्या पोलिसांतही असेच नाईक घेण्यात आले. भागोजी नाईक हे त्यांपैकी एक.

४ ऑक्टोबर १८५७

भागोजींच्या पूर्वायुष्याविषयी सरकारी वृत्तांत मोजकेच सांगतो. ते नांदूर शिंगोट्याचे, भिल्लांचे नाईक, पोलीस दलातील माजी अधिकारी. १८५५ मध्ये दंगा करणे व पोलिसांस अडथळा करणे या आरोपांवरून त्यांना शिक्षा झाली. तुरुंगातून सुटल्यावर एक वर्षासाठी चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. ते वर्षही पार पडले. दंगा कशावरून झाला, पोलीस दलातील माणूस पोलिसांच्याच आड का आला, याविषयी वृत्तांत मौन पाळतो. ज्यांना फौजदारी कामकाजाचा अनुभव आहे त्यांना हे ठाऊक असते, की ‘सरकारी कामात अडथळा’ या तीन शब्दांच्या मागे फार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

जामिनाची मुदत संपून थोडेच दिवस झाले असतील. १८५७ च्या मे महिन्यात मेरठ व दिल्ली येथे उठाव झाला होता. त्याची झळ दक्षिणेस लागू नये म्हणून सर्व लोकांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला. शहरात राहणाऱ्या माणसाला या हुकमाची अडचण फारशी वाटली नसेल. डोंगरकपारीत राहणाऱ्या भिल्लाचे तसे नव्हते. त्याचे तीरकमठे, तलवार किंवा ठासणीची बंदूक हे त्याचे शिकारीचे साधन होते, राखणीच्या कामाचे अवजार होते आणि नाईकपणाची खूणही होती. भागोजींनी हत्यार दिले नाही. त्यांनी गाव सोडले. पन्नासएक माणसे त्यांना येऊन मिळाली आणि नांदूर शिंगोट्यापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता नजरेत राहील अशा जागी ते ठाण मांडून बसले.

हा प्रसंग नीट समजण्यासाठी क्षणभर फार दूरच्या एका देशाकडे पाहण्यास हरकत नाही. उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध जे स्वातंत्र्ययुद्ध केले, त्याची पहिली गोळी १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन या खेड्यात झडली. तेथेही वाद अनेक वर्षांचा होता. कर, जकाती, चहा यांवरून तक्रारी आणि अर्ज चाललेले होते. पण प्रत्यक्ष रक्त सांडले ते बोस्टनहून निघालेली इंग्रज फौज काँकर्ड गावी वसाहतवाल्यांनी साठविलेली हत्यारे व दारूगोळा जप्त करण्यास चालली असताना. लेक्झिंग्टनच्या मैदानावर त्या सकाळी आठ वसाहतवाले पडले. त्यानंतर काही दिवसांतच तेथील पुढाऱ्यांनी हजर असलेल्या शेतकऱ्यांच्या शपथेवरील जबान्या लिहून घेतल्या आणि खास जहाजाने इंग्लंडला धाडल्या. लष्करी अधिकाऱ्याचा अहवाल लंडनला पोहोचण्यापूर्वीच शेतकऱ्यांची बाजू तेथील वृत्तपत्रांत आली होती.

नांदूर शिंगोट्याला हे झाले नाही. तेथे जबानी घेणारा कोणी नव्हता. मात्र एक निरोप शिल्लक आहे.

४ ऑक्टोबर रोजी लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्यास आले. त्यांचे सहायक थॅचर आणि पोलीस निरीक्षक टेलर येऊन मिळाले. भागोजींकडे शरण येण्याविषयी सांगावा गेला. भागोजींनी उत्तर पाठविले. त्याचा आशय असा होता, की दोन वर्षांचा मागील पगार मिळाल्याशिवाय आणि निर्वाहाची काही तजवीज झाल्याशिवाय आपण स्वाधीन होणार नाही.

सबंध दोन वर्षांच्या लढाईत भागोजी नाईकांच्या तोंडचे म्हणून सरकारी वृत्तांतात जे आढळते ते एवढेच आहे, आणि तेही इंग्रजीत, दुसऱ्याच्या शब्दांत. कोणता दोन वर्षांचा पगार? १८५५ ते १८५७ हीच ती दोन वर्षे, म्हणजे तुरुंगाची आणि जामिनाची, असा तर्क सहज मनात येतो. पण त्याला कागदाचा आधार नाही, म्हणून तो तर्क म्हणूनच ठेवावा. निरोपाचे स्वरूप मात्र स्पष्ट आहे. त्यात शिवी नाही, धमकी नाही, दिल्लीच्या बादशहाचे किंवा नानासाहेबांचे नाव नाही. मागणे दोनच होते आणि दोन्ही चाकरी व पोट यांविषयीची होती. असे मागणे एखाद्या कचेरीत अर्जाच्या रूपाने आले असते, तर त्यावर शेरा पडला असता, चौकशी झाली असती, कदाचित ते नामंजूरही झाले असते. येथे मागणारा माणूस हत्यारबंद होऊन टेकडीवर बसलेला होता, हे खरे. पण तो बोलत होता. बोलणारा माणूस अजून पूर्णपणे हाताबाहेर गेलेला नसतो.

हेन्री यांनी पुढे चाल करण्याचा हुकूम दिला. पहिल्याच गोळीने त्यांच्या मागे असलेला माणूस पडला. हेन्री घोड्यावरून उतरून पुढे सरसावले, जखमी झाले, तरी थांबले नाहीत, आणि छातीत गोळी लागून कोसळले. शौर्य त्या बाजूलाही होते, हे मान्य केल्याने भागोजींचे काही उणे होत नाही. भिल्ल मागे हटत डोंगरात निघून गेले.

दोन वर्षांचे रान

या एका चकमकीने सगळा भिल्ल समाज पेटून उठला, असे नंतरच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये नमूद आहे. दक्षिण नाशिक आणि उत्तर नगर मिळून सुमारे ७,००० भिल्ल उठावात होते, असा आकडाही तेथे दिलेला आहे. तो सगळाच्या सगळा लढणाऱ्यांचा असेल असे वाटत नाही. भाकरी पोहोचविणारे, वाट सांगणारे, न पाहिल्यासारखे करणारे असे सर्व जण त्यात धरले असावेत. पण डोंगरातील लढाई अशाच माणसांवर चालते, तेव्हा आकडा तितकासा चुकीचाही म्हणता येणार नाही.

राहुरीकडे पाथरजी नाईकांनी शंभरएक माणसे जमविली, परंतु ती लवकरच पांगविण्यात आली. १८ ऑक्टोबरला अकोले तालुक्यातील समशेरपूरच्या डोंगरात कर्नल मॅकन यांच्या हाताखालील पलटण आणि पोलीस यांच्याशी भागोजींची गाठ पडली. मुलकी अधिकारी चॅपमन त्यात जखमी झाले. ५ डिसेंबरच्या रात्री भिल्ल व ठाकूर यांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला चढविला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठचे प्रकरण थोडे निराळे होते. तेथील राजा वारला होता, त्याची कन्या बेगम नूरजहान हिला नेमणूक बांधून देऊन संस्थानचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला होता, आणि भगवंतराव ऊर्फ भाऊराजा हे गादीवर हक्क सांगत होते. त्यांना आणि त्यांच्या काही अनुयायांना फाशी देण्यात आले. पुढे १८७८ मध्ये बेगम निवर्तल्यावर पेठ हा नाशिक जिल्ह्याचा तालुका झाला.

त्र्यंबकच्या हल्ल्यानंतर डोंगर धुंडाळण्यात आले. पकडलेल्यांमध्ये पांडू नावाचा एक ठाकूर होता. आपण सामील होतो हे त्याने कबूल केले आणि त्र्यंबकच्या एका ब्राह्मणाच्या सल्ल्यावरून आपले लोक उठले, त्याचे नाव ठाऊक नाही पण दाखविल्यास ओळखू, असे सांगितले. तेव्हा गावच्या ब्राह्मणांना रांगेत उभे करून त्यांतून ओळख पटविण्यात आली. ठाकूर, भिल्ल, कोळी, ब्राह्मण, संस्थानचा वारस, एवढी निरनिराळी माणसे एका आठवड्यात एका बाजूस उभी राहिलेली दिसतात. त्यांचे आपापसात कितपत संगनमत होते हे सांगणे कठीण आहे. ओळख परेडीतून निघालेला पुरावा कसा असतो, हेही येथील जाणकारांना सांगावयास नको.

२० जानेवारी १८५८ रोजी नांदगाव तालुक्यातील मांडवड येथे दाट झाडीत जमलेल्या भिल्लांवर कॅप्टन माँटगोमेरी यांनी हल्ला केला. झाडीतून आलेल्या गोळ्यांनी सरकारी तुकडीचे मोठे नुकसान झाले आणि लेफ्टनंट स्टुअर्ट मारले गेले. नेहमीच्या फौजेने हे काम होत नाही, हे तोपर्यंत सरकारच्या ध्यानात आले होते. मग पुन्हा जुनाच उपाय योजण्यात आला.

हेन्री यांच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉल यांनी डिसेंबर १८५७ पासून कोळ्यांची एक स्वतंत्र पलटण उभी करण्यास सुरुवात केली. ती वाढत वाढत ६०० माणसांची झाली. कोळ्यांतील वजनदार माणसे कोण, हे त्यांनी आधी विचारून घेतले आणि त्यांनाच अधिकारी नेमले. बांबळे कोळ्यांचे प्रमुख जावजी नाईक यांना पलटणीचे पहिले मानाचे स्थान मिळाले. आणि अधिकाऱ्यांमध्ये, ज्यांना दहाच वर्षांपूर्वी फाशी दिले त्या राघोजी भांगऱ्यांचे एक बंधूही होते.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. कोळी व भिल्ल यांचे पिढीजात वैर होते म्हणून कोळी सरकारकडे गेले, असे स्पष्टीकरण गॅझेटिअर देते. ते अगदीच खोटे नसेल. पण राघोजींच्या घरचा माणूस इंग्रजांचा गणवेश अंगावर घालतो, याला भिल्लांशी असलेले वैर एवढेच कारण पुरेसे वाटत नाही. सगळ्या मुलखाची हत्यारे काढून घेतली जात असताना ज्याला उजळ माथ्याने हत्यार हाती धरता येईल आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल, अशी जागा डोंगरात एकच होती, ती म्हणजे ही पलटण. म्हणजे भागोजींनी निरोपात जे मागितले होते, पगार आणि निर्वाहाची तजवीज, तेच सरकारने शेजारच्या खोऱ्यातील सहाशे माणसांना देऊ केले. भागोजींना ते मिळाले नाही. त्या सहाशे जणांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आज अकोले व इगतपुरीकडील गावांतून दोन्ही बाजूंच्या लोकांचे वंशज शेजारी-शेजारी नांदत असतील, तेव्हा त्यांच्या मुलांना हा इतिहास शिकविताना शिक्षकाने हा शब्द जपून वापरावा.

कोळी पलटणीला डोंगराची खडान्‌खडा माहिती होती. तिने भिल्लांचे पाणवठे आणि आसरे बंद केले. १८५९ मध्ये भागोजी आणि हरजी नाईक पुन्हा उघडपणे पुढे आले. त्या वर्षी ५ जुलैला संगमनेरच्या आग्नेयेस अंभोरे दऱ्यात नटॉल यांनी त्यांना गाठले. दहा माणसे पडली. त्यांत भागोजींचा मुलगा यशवंत होता. हरजी नाईक पकडले गेले. मुलगा गेला, बरोबरीचा नाईक कैदेत पडला, पावसाळ्याचे दिवस होते आणि पाठीवर पलटण होती. या अवस्थेत भागोजी आणखी चार महिने डोंगरात राहिले, इतकेच नव्हे तर त्या काळात कोपरगावकडील कोऱ्हाळे गावावर त्यांनी धाडही घातली.

११ नोव्हेंबर १८५९ रोजी पोलीस अधीक्षक फ्रँक सूटर यांनी त्यांना सिन्नर तालुक्यातील पंचाळे गावानजीक मिठसागर येथे ओढ्याकाठी गाठले. या वेळी डोंगर दूर होता, सभोवार उघडे रान होते. भिल्लांनी शेवटपर्यंत झुंज दिली आणि भागोजी नाईक तेथेच पडले. ज्या तालुक्यात लढाई सुरू झाली त्याच तालुक्यात ती संपली. सूटर पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, त्यांना ‘सर’ ही पदवीही मिळाली. कोळी पलटण मार्च १८६१ मध्ये मोडण्यात आली. तिच्यातील थोडे लोक पोलिसांत राहिले, बाकीचे नांगराकडे आणि मजुरीकडे परतले. म्हणजे काम संपल्यावर त्यांचाही पगार बंद झाला.

या लढ्याचे नाव

या उठावाला काय म्हणावे, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. जुन्या इंग्रजी कागदांत भागोजींच्या माणसांना टोळी म्हटले आहे आणि त्यांच्या कृत्यांना लूटमार. त्याच्या उलट, अलीकडील काही भाषणांतून भागोजींना नानासाहेबांच्या योजनेतील एक सेनापती म्हणून उभे करण्यात येते. लूट झाली, हे नाकारता येणार नाही. कोऱ्हाळे आणि हरसूल येथील रहिवाशांना ती सोसावी लागली. सेनापतिपदाला पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या टेकडीवर बसून आपल्या हक्काचा पगार मागणाऱ्या आणि हत्यार देण्यास नकार देणाऱ्या माणसाला उसना मोठेपणा कशाला हवा? लेक्झिंग्टनच्या शेतकऱ्यांनाही त्या सकाळी स्वतंत्र राष्ट्र स्थापावयाचे नव्हते. त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर सव्वा वर्षाने, ४ जुलै १७७६ रोजी निघाला. त्यांच्या पाठीशी छापखाने होते, सभा होत्या, वकील होते. भागोजींच्या पाठीशी डोंगर होता.

नाशिक जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे मिठसागरच्या लढाईनंतर चोवीस वर्षांनी. त्यात या उठावास बऱ्यापैकी जागा दिली आहे आणि आज जे काही सांगता येते ते बहुतांशी त्याच्याच आधारे. ते लिहिणारे अधिकारी कसून काम करणारे होते, याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. पण ती लढाई जिंकणाऱ्या बाजूची नोंद आहे. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे तेथे हुद्द्यासह आणि आद्याक्षरांसह सापडतात. दुसऱ्या बाजूस पांडू नावाचा एक ठाकूर, यशवंत नावाचा एक मुलगा, आणि बाकी नुसते आकडे.

ही उणीव भरून काढण्याच्या वाटा अगदीच बंद झालेल्या नाहीत. त्या काळात मामलेदार कचेरीचा बराच व्यवहार मोडीत चालत असे, आणि मुंबई व पुणे येथील पुराभिलेखागारांत अव्वल इंग्रजीतील मोडी व इंग्रजी कागदांचे गठ्ठे आहेत. तालुक्यातील एखाद-दुसऱ्या शिक्षकाने मोडी शिकून घेतली तरी पुष्कळ काम होईल. दुसरी वाट गावातच आहे. टेकडीला, ओढ्याला, शेताला पडलेली नावे, देवीच्या जत्रेत प्रथम मान कोणत्या घराण्याचा, अमुक वाडीचे लोक अमुक साली उठून दुसरीकडे का गेले याविषयी वृद्ध माणसे जे सांगतात ते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात अशा गोष्टींसाठी एक वही ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख मात्र त्यात लिहिलीच पाहिजे, आणि सांगितले ते जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत उतरविले पाहिजे. प्रत्येक गोष्ट खरी निघेल असे नाही. पडताळा नंतर घेता येतो.

सिन्नर तालुक्यातून हे काम सुरू करणाऱ्याने आरंभ नांदूर शिंगोट्याहून करावा. आजचा पुणे-नाशिक महामार्गही त्याच परिसरातून जातो. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी गावात उतरलेल्या साहेबाकडून टेकडीवर सांगावा घेऊन कोण गेले, आणि भागोजींचे उत्तर घेऊन परत कोण आले, हा पहिला प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो निरोप मूळ ज्या भाषेत बोलला गेला त्या भाषेत तो ऐकणारा तो एकच माणूस होता.